अडीच वर्षांचे खाते आणि प्रवाळांची नोंदवही

मार्च १९९६ मध्ये जॉन हॉवर्ड यांचे सरकार सत्तेवर आले, तेव्हा ऑस्ट्रेलियातील उद्योग, विज्ञान व तंत्रज्ञान खाते आणि स्वतंत्र पर्यटन खाते यांचे एकत्रीकरण होऊन ‘उद्योग, विज्ञान आणि पर्यटन’ हे नवे खाते मंत्री जॉन मूर यांच्याकडे आले. ऑक्टोबर १९९८ मध्ये त्याची जागा ‘उद्योग, विज्ञान आणि संसाधने’ खात्याने घेतली. पर्यटन फक्त पाटीवरून गेले. काम नव्या खात्याकडेच राहिले.

ही मोट वरवर विचित्र वाटते. परंतु टाउन्सव्हिलजवळच्या ‘ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स’ या सागरी संशोधन संस्थेकडे पाहिले की तिच्यातला अर्थ दिसतो. १९७२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था याच खात्याच्या अखत्यारीत होती आणि ती अभ्यासत असलेल्या ग्रेट बॅरिअर रीफवर क्वीन्सलँडच्या पर्यटनाची मोठी भिस्त होती. गंमत अशी, की त्या प्रवाळभित्तीच्या सागरी उद्यानाचे प्राधिकरण मात्र पर्यावरण मंत्र्यांकडे होते.

१९९८ च्या आरंभी, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, या भित्तीवर मोठे विरंजन झाले, म्हणजे प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून प्रवाळाला अन्न पुरवते आणि त्याचा बराचसा रंगही त्या शैवालाचाच असतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन संयुगे साचतात आणि प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो. मग पारदर्शक ऊतींखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. असा प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेवर निवले तर तो सावरतो.

किती सावरला, हे एका पाहणीतून कळत नाही. त्यासाठी संस्थेचा निरीक्षक लहान बोटीमागे दोरीने बांधलेली फळी धरून पाण्याच्या पृष्ठभागालगत ओढला जातो. दर दोन मिनिटांनी बोट थांबते आणि तळाचा किती भाग जिवंत प्रवाळाने व्यापला आहे, याचा अंदाज तो फळीवरच्या तक्त्यात नोंदवतो. काम कंटाळवाणे खरे, पण १९८० च्या दशकापासून ते याच पद्धतीने चालू असल्यामुळेच १९९८ च्या आधीची आणि नंतरची भित्ती एकमेकींशी ताडून पाहता येते.