'जिल्हा' या शब्दात अडकलेली वस्ती

मुंबईच्या वस्त्यांपर्यंत मानसिक आरोग्याची सेवा इतक्या उशिरा का पोहोचली, असे विचारले की पैसा आणि डॉक्टर कमी पडले, असे उत्तर मिळते. ते खरे आहेच. पण माझ्या मते घोळ त्याआधीच, एका साध्या सरकारी शब्दापाशी झाला. तो शब्द म्हणजे जिल्हा.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१चे, जे. जे. रुग्णालयातला मानसोपचार विभाग १९३८चा. रुग्णाने तिथवर जायचे, हीच रीत होती. १९८२च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने ती उलटी करायची ठरवली. त्यामागचा अनुभव मात्र खेड्यांचा, हरियाणातल्या रायपूर राणीचा आणि कर्नाटकातल्या सकलवाराचा. पुढचा प्रयोगही कर्नाटकातल्याच बेल्लारी जिल्ह्यात झाला. १९९६ साली चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तोही याच वाटेने: जिल्हा रुग्णालयात पथक, त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवायचे आणि तिथून उपचार गावात न्यायचे.

मुंबईत ही साखळी जोडायची कुठे? इथे जिल्हा परिषद नाही. दवाखाने, आरोग्य केंद्रे, प्रसूतिगृहे महापालिकेची आणि तिचा सगळा कारभार वॉर्डावर चालतो. १९९०मध्ये शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे झाले. २०११च्या जनगणनेत एकट्या उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांवर माणसे मोजली गेली. मानखुर्द आणि दहिसर एकाच जिल्ह्यात! आणि महापालिकेची केईएम, नायर, सायन ही वैद्यकीय महाविद्यालयांची तिन्ही जुनी रुग्णालये मात्र शहर जिल्ह्यात. गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या बाईला तिथे जायचे तर केसपेपरच्या रांगेसाठी सकाळीच निघावे लागते. तिचा रोज बुडतो, सोबत आलेल्याचाही खाडा होतो. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. तिने उपचार अर्धवट सोडले की कागदावर शेरा मात्र 'रुग्ण आला नाही' असा पडतो, आणि हे मला फार अन्यायाचे वाटते.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ला लागू झाला. उपचार हा हक्क झाला, ही मोठीच गोष्ट. पण किमान सेवा मिळायलाच हवी ती कुठे, तर जिल्ह्यात. ९३ लाखांच्या जिल्ह्यात हा निकष कुठेही पुरा झाला, तरी वस्तीच्या हाती काही लागत नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महानगरांतले मानसिक आजारांचे प्रमाण खेड्यांच्या दुपटीहून जास्त निघाले. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे मुंबईची गरज मोजलीसुद्धा गेली नाही.

ही फट भरली ती वस्तीतल्या बायांनी. गोव्यातल्या एका मोठ्या अभ्यासाने २०१०मध्ये दाखवून दिले होते, की तज्ज्ञाच्या देखरेखीखाली शिकवलेली साधी माणसेही नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना आधार देऊ शकतात. धारावीत, गोवंडीत संस्थांनी हाच मार्ग धरला. महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका घरोघर जातच होत्या. क्षयाच्या गोळ्यांची, लसीची चौकशी करताना दारातच ऐकू येते, 'ताई, रात्रभर डोळ्याला डोळा नाही', 'डोकं जड होतं', 'ह्याला बाहेरचं काही लागलंय का?' नैराश्य हा शब्द तिथे कुणी उच्चारत नाही. तो ओळखायचा तो ताईने. तिला मिळते ते मात्र मानधन, पगार नव्हे. 'स्वयंसेविका' म्हटले की कायम नोकरीचा प्रश्नच काढायला नको, अशी सोय त्या नावात आहे. वस्तीतल्या या सेवेचा कणा तीच आहे, हे मान्य करायला अजून कुणी तयार नाही.

१० ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस ही सरकारची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा आली. १४४१६ लावला की समुपदेशक बोलतो, मराठीतही. पण दहा बाय दहाच्या खोलीत सासू, नवरा, मुले असताना बाईने बोलायचे कसे? ती मोबाइल घेऊन नळाच्या कोपऱ्यात जाते, तिथेही शेजारीण हंडा घेऊन उभी असते. मग फोन बंद होतो आणि दुपारी, घरात कुणी नसताना, ती ताईची वाट बघते.