सँ-लुईची स्वस्ताई : पार्श्वभूमी

सेनेगल नदी अटलांटिकला मिळते त्याच्या जरा अलीकडे, नदीतल्या चिंचोळ्या बेटावर पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल देशाचे सँ-लुई हे शहर वसले आहे. वोलोफ भाषेत त्याला नदार म्हणतात. युरोपातून येऊन इथे राहणाऱ्यांत निवृत्त लोक आहेत, छोटी अतिथीगृहे चालवणारे आहेत, लॅपटॉपवर काम करणारेही आहेत. परवडणारे भाडे, ताजी मासळी, लाकडी सज्जांची जुनी घरे आणि अगत्याची माणसे, अशी कारणे ते सांगतात आणि ती खरीच आहेत. पण हे शहर त्यांना स्वस्त का पडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर दूरच्या शहरांत घेतलेल्या निर्णयांत आहे, आणि त्या निर्णयांची झळ आधी इथल्याच रहिवाशांना बसली.

1659 ची फ्रेंच वखार, गुलामांचा आणि डिंकाचा व्यापार, अधूनमधून आलेला इंग्रजी अंमल, हे सगळे प्रवासपुस्तिकांत असतेच. त्यातला एक धागा मात्र भारतात पोहोचतो. नदीकाठच्या मूर व्यापाऱ्यांकडून डिंक घेताना फ्रेंच त्यांना ‘गिनी’ नावाचे निळे सुती कापड देत, आणि ते पाँडिचेरीहून येई. एकोणिसाव्या शतकात या कापडाचे ठाण तिथे चलनासारखे चाले, भाव ठाणांत सांगितले जात. म्हणजे पैशाचे मोल बाहेर ठरण्याचा अनुभव या शहराला जुना आहे.

1885 मध्ये डाकारपर्यंत रेल्वे झाली आणि व्यापार त्या बंदराकडे सरकू लागला. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेची राजधानी 1895 ते 1902 इथे होती, मग तीही डाकारला गेली. सेनेगलचा आणि शेजारच्या मॉरिटानियाचा कारभार मात्र बेटावरूनच चाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तोही उठला. कचेऱ्या गेल्या, त्यांच्यामागे कारकून आणि व्यापारी पेढ्या गेल्या. आज ज्या घरांचे फोटो काढले जातात त्यांतली कित्येक रिकामी पडली किंवा भावकीच्या वाटण्यांत अडकली ती या काळापासून.

तरीही 1993 पर्यंत फ्रान्समधून येणाऱ्याला सँ-लुई फार स्वस्त वाटण्याचे कारण नव्हते. ते कारण 11 जानेवारी 1994 च्या रात्री निर्माण झाले.

1948 पासून सीएफए फ्रँक (सेनेगलसह फ्रान्सच्या बऱ्याच जुन्या आफ्रिकी वसाहतींत चालणारे चलन) आणि फ्रेंच फ्रँक यांचा दर बदललेला नव्हता. 1960 नंतरच्या नव्या फ्रँकमध्ये सांगायचे तर 50 सीएफए म्हणजे 1 फ्रँक. ऐंशीच्या दशकात कोको, कॉफी, कापूस, शेंगदाणा यांचे जागतिक भाव कोसळले. नायजेरिया आणि घाना यांनी आपली चलने उतरवली, पण दर बांधलेला असल्याने सीएफए देशांना तो मार्ग बंद होता. सरकारी तिजोऱ्या आटल्या. ऑगस्ट 1993 मध्ये सीएफएच्या नोटा या क्षेत्राबाहेर बदलून देणे थांबले. पुढच्या महिन्यात पॅरिसने कळवले की यापुढे मदत हवी असेल तर आधी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार करा. अवमूल्यनाला कडवा विरोध करणारे आयव्हरी कोस्टचे वयोवृद्ध अध्यक्ष डिसेंबरमध्ये वारले. त्यानंतर पाचेक आठवड्यांनी चौदा देशांचे नेते डाकारमध्ये बसले, समोर फ्रेंच मंत्री आणि नाणेनिधीचे प्रमुख होते. दुसऱ्या दिवसापासून 100 सीएफएला 1 फ्रँक असा दर लागू झाला. कोमोरोसला तेवढी थोडी सूट मिळाली.

अवमूल्यनाचे समर्थक म्हणत की चलन फुगवलेले होते, त्यामुळे निर्यात मरत होती आणि उशीर केला असता तर घाव आणखी खोल गेला असता. पुढच्या वर्षांत सेनेगलचा विकासदर सावरला, हे त्यांच्या बाजूने मान्य करावे लागते. पण तो दर बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला दिसत नव्हता. तिला आयात औषधांचे नि तेलाचे भाव दिसत होते, आणि तांदळाचे. सेनेगलचे रोजचे जेवण आयात केलेल्या कणीवर चालते. मासळी, भाज्या आणि कणी यांचा चेबुजेन हा पदार्थ तर सँ-लुईचाच मानला जातो. फेब्रुवारीत डाकारमध्ये दंगल झाली, पोलीसही मारले गेले. माझ्या मते या निर्णयावर खरा आक्षेप त्याच्या पद्धतीवर आहे. ज्यांची बचत एका रात्रीत फ्रँकच्या हिशेबात अर्धी झाली त्यांना कुणी विचारले नाही.

मासळीचे उदाहरण बोलके आहे. अवमूल्यनानंतर युरोपात मासे पाठवणे फार किफायतशीर झाले. समुद्र आणि नदी यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर गेत-नदार हा कोळीवाडा आहे. तिथल्या होड्यांतला थियोफ, म्हणजे हेकरूच्या जातीचा मोठा मासा, निर्यातदारांकडे जाऊ लागला आणि साध्या घरांच्या ताटातून हळूहळू दिसेनासा झाला. त्याच वेळी फ्रान्समधून पेन्शन घेणाऱ्याच्या हाती तेवढ्याच फ्रँकमध्ये दुप्पट सीएफए पडू लागले. परदेशी माणसाची स्वस्ताई ती हीच.

1999 मध्ये हा दर युरोला बांधला गेला : 1 युरो म्हणजे 655.957 सीएफए, आजही तेवढाच. युरोत कमाई असणाऱ्याला दर घसरण्याची चिंता नाही, आणि ही निश्चिंती भाड्याइतकीच मोलाची आहे. सीएफएच्या जागी यायच्या ‘इको’ या नव्या चलनाची घोषणा 2019 मध्ये झाली, पण ते अजून आलेले नाही. 2000 मध्ये बेट जागतिक वारसा यादीत गेले. त्यानंतर जुन्या घराची भिंत पाडायची किंवा मजला चढवायचा तर परवानगी लागते. विटांना चुन्याचा गिलावा आणि सागरी खारी हवा, त्यामुळे डागडुजी निघतेच, पण तिचा खर्च भाड्याच्या आकड्यात दिसत नाही.

ऑक्टोबर 2003 मध्ये नदीला पूर आला आणि शहर बुडण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा शहराच्या दक्षिणेला लांग द बार्बारी या वाळूच्या पट्ट्यात जेमतेम 4 मीटर रुंदीचा चर घाईने खणला गेला. पूर ओसरला. पण समुद्राने तो चर काही दिवसांत शेकडो मीटर रुंद केला, आणि पुढे त्याची रुंदी किलोमीटरांत मोजावी लागली. नदीचे मुख शहराजवळ आले, भरतीचे पाणी वर चढू लागले, शेतांत खार शिरला, दून बाबा जेय हे गाव नाहीसे झाले. नव्या मुखातून होड्या काढताना किती तरी कोळी बुडाले.

गेत-नदारच्या किनाऱ्याला आता दगडांचा बांध घातला आहे. लाटांनी घरे गेलेल्या कुटुंबांना आत, जुगोपच्या वसाहतीत हलवले. मासेमारी मात्र किनाऱ्यावरच होते, त्यामुळे त्यांना समुद्र गाठायला रोज गाडीभाडे मोजावे लागते.