कोचच्या घरी नाताळ कधी असतो?

डिसेंबर १९९४. पाठीची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम दोन महिने झालेले. अशा अवस्थेत माइक शशेव्स्की अख्खा अमेरिका खंड आणि अर्धा प्रशांत महासागर ओलांडून नॉर्थ कॅरोलिनातून हवाईला गेले. हवापालटासाठी नव्हे. ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे ते प्रशिक्षक, आणि होनोलुलूत नाताळच्या सुट्टीतली ‘रेनबो क्लासिक’ स्पर्धा होती. (हे आडनाव घेताना अमेरिकन माणसाचीही जीभ अडखळते, म्हणून सगळा देश त्यांना ‘कोच के’ म्हणतो. आपणही तेच म्हणू.) परतले ते पार मोडूनच. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्नी मिकी यांनी डॉक्टरांची वेळ घेतली, तीही नेमकी सरावाच्या वेळेची. आणि नवऱ्याला बजावले. आशय असा, की डॉक्टरकडे येणार नसलास तर घरीही येऊ नकोस.

कोच के डॉक्टरकडे गेले आणि त्या हंगामात संघाकडे परतलेच नाहीत. तोवर १२ पैकी ९ सामने जिंकलेल्या संघाला पुढच्या १९ पैकी फक्त ४ जिंकता आले.

गंमत अशी, की या सगळ्यात हवाईची वारी कुणालाच वावगी वाटली नाही. पाठ दुखत असताना माणूस सराव घेतो याचे आश्चर्य वाटले, पण नाताळात तो घरी का नव्हता हे कुणी विचारले नाही. कॉलेज बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाचे घर असेच चालते, हे तिथे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. आपल्याकडे दिवाळीत एसटीच्या ड्रायव्हरच्या घरी जशी समजूत असते, तशीच. ही समजूत कशी तयार झाली, हे पाहायचे तर थेट या खेळाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

बास्केटबॉलचा जन्मच नाताळच्या तोंडावरचा. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेची, प्रशिक्षण शाळा होती. शरद ऋतूत (अमेरिकन) फुटबॉल, वसंतात बेसबॉल. मधल्या हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत कंटाळवाण्या कवायती. विद्यार्थी वैतागलेले. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी जेम्स नाइस्मिथ या तरुण शिक्षकाला दोन आठवड्यांत आत खेळता येईल असा खेळ शोधून काढायला सांगितले. शाळेच्या रखवालदाराने पीचच्या दोन टोपल्या आणून दिल्या, त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ जणांच्या दोन संघांनी पहिला सामना खेळला. अख्ख्या सामन्यात एकच गोल झाला.

मग लागली नाताळची सुट्टी, आणि खेळाचा प्रसार सुरू झाला तो या सुट्टीतच. मुले आपापल्या गावी गेली ती हा खेळ डोक्यात घेऊन, आणि गावच्या वायएमसीएत त्यांनी तो इतरांना शिकवला. सुट्टीहून परतल्यावर फ्रँक महान नावाच्या विद्यार्थ्याने नाइस्मिथना विचारले, या खेळाला नाव काय द्यायचे? ‘नाइस्मिथ बॉल’ असे त्याने सुचवलेही. नाइस्मिथ हसले आणि म्हणाले, असल्या नावाने कुठलाही खेळ मरेल. मग टोपली आणि चेंडू यांचे जोडनाव पक्के झाले. म्हणजे बारसेही सुट्टीनंतरचेच. वायएमसीए आणि मिशनरी यांच्याच वाटेने हा खेळ पुढे आपल्याकडेही आला. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली ‘नेबरहूड हाउस’ उभारले, आणि बास्केटबॉल म्हटले की मुंबईकराला आजही आधी नागपाडा आठवतो.

प्रशिक्षकाच्या घरातली माणसे या खेळात ओढली जाणे, हेही पहिल्यापासूनचे. स्प्रिंगफील्डमध्ये स्त्रियांनी जे अगदी सुरुवातीचे सामने खेळले, त्यांत मॉड शेरमन ही तरुणी होती. १८९४ साली ती नाइस्मिथ यांची पत्नी झाली. पुढे नाइस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथले पहिले प्रशिक्षक झाले. जिंकलेले सामने ५५, हरलेले ६०. कॅन्ससच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे या खेळाचा जनक. खेळाला प्रशिक्षक लागतो असे नाइस्मिथना फारसे वाटतही नसे; त्यामुळे त्यांच्या घरचा नाताळ बहुधा शांततेत गेला असावा, असा माझा आपला अंदाज.

तो शांतपणा मोडला पैशाने. १९३०च्या दशकातली महामंदी. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन कित्येक रात्री रिकामे पडलेले. नेड आयरिश या क्रीडा पत्रकाराला वाटले, कॉलेजांचे सामने त्यांच्या चिमुकल्या व्यायामशाळांत होतात आणि प्रेक्षक दारातून परत जातात, तर ते इथे का आणू नयेत? २९ डिसेंबर १९३४ला त्याने एकाच संध्याकाळी लागोपाठ दोन सामने लावले. एका सामन्यात न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि नोत्र दाम. सोळा हजारांवर लोक आले. तारीख पाहण्यासारखी आहे: नाताळ आणि नववर्ष यांच्या मधली. कॉलेजे बंद, घरी आलेली मुले मोकळी, वडिलांना रजा. प्रेक्षकांची सुट्टी म्हणजे खेळाडूंचा हंगाम, हे गणित त्या रात्री पक्के झाले.

दोन वर्षांनी, ३० डिसेंबर १९३६ला, कॅलिफोर्नियातून आगगाडीने देश ओलांडून आलेल्या स्टॅनफर्डने लाँग आयलंड युनिव्हर्सिटीला ४५-३१ असे हरवले. लाँग आयलंडचा संघ त्याआधी सलग ४३ सामने जिंकलेला होता. स्टॅनफर्डचा हँक लुइसेटी एका हाताने चेंडू टाकतो हे पूर्वेकडच्या लोकांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले आणि दोन्ही हातांनी टाकायची जुनी रीत मागे पडायला लागली. बास्केटबॉलच्या इतिहासात ही रात्र कायम सांगितली जाते. स्टॅनफर्डच्या त्या पोरांचा नाताळ रेल्वेच्या डब्यात आणि हॉटेलांत गेला, हे मात्र कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी ओक्लाहोमा सिटीत ‘ऑल-कॉलेज’ ही डिसेंबरातली स्पर्धा सुरू झाली. नंतर अशा स्पर्धांचे पेवच फुटले. त्यांतली सगळ्यात गाजलेली १९४९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या राली शहरात सुरू झाली: ‘डिक्सी क्लासिक’. नॉर्थ कॅरोलिना स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस यांची ही कल्पना. घरचे चार संघ म्हणजे एन. सी. स्टेट, नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक आणि वेक फॉरेस्ट. बाहेरचे चार पाहुणे. नाताळ उरकला की तीन दिवस रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत सामने. बारा हजारांवर माणसे मावणाऱ्या त्या इमारतीत अख्खी कुटुंबे डबे घेऊन बसत. तंबाखूचे पीक विकून झालेले, हातात पैसा, शेतात काम नाही. आपल्याकडच्या जत्रेचेच दिवस ते. पाहुण्यांचा पाहुणचार इतका, की बारा वर्षांत बाहेरच्या एकाही संघाला करंडक नेता आला नाही. दुसरा पाहुणचार सांगायला बरा नाही: १९५८ साली सिनसिनाटीचा ऑस्कर रॉबर्टसन आला तेव्हा हॉटेलांत काळ्या माणसाला जागा नव्हती, म्हणून संघाला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासारख्या घरात उतरवले गेले, आणि प्रेक्षकांतून शिव्या आल्या त्या वेगळ्या.

केस स्वतः आजन्म अविवाहित होते. बाकीच्या सात प्रशिक्षकांच्या बायकांनी यावर काय म्हटले असेल ते असो. १९६१ साली सामन्यांतल्या सट्टेबाजीचे प्रकरण बाहेर आले, जुगाऱ्यांनी खेळाडूंना धमकावल्याचे उघड झाले, आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम फ्रायडे यांनी डिक्सी क्लासिक बंद करून टाकली. लोकांचा त्यांच्यावरचा राग पुढे कित्येक वर्षे गेला नाही. सुट्टीतली स्पर्धा बंद केली म्हणून विद्यापीठाच्या अध्यक्षाला शिव्या खाव्या लागतात, यावरून तोवर नाताळचा अर्थ तिथे काय झाला होता ते कळावे.

मग विमाने स्वस्त झाली आणि हवाई जवळ आले. त्यात नियमाची पळवाट होती: हवाईत किंवा अलास्कात खेळलेले काही सामने हंगामाच्या ठरलेल्या मर्यादेत धरले जात नसत. ऊन, समुद्र आणि वर फुकटचे सामने, कोण सोडेल? १९८२च्या डिसेंबरात व्हर्जिनियाचा अव्वल संघ, ७ फूट ४ इंचांचा राल्फ सॅम्पसन बरोबर घेऊन, टोकियोत खेळून घरी परतताना वाटेत होनोलुलूला थांबला. समोर होते शॅमिनाड, हजारही विद्यार्थी नसलेले कॉलेज. त्यांचे प्रशिक्षक मर्व लोपेस दिवसा शाळेत समुपदेशकाची नोकरी करत आणि उरलेल्या वेळात संघ सांभाळत. २३ डिसेंबरला शॅमिनाडने व्हर्जिनियाला ७७-७२ असे लोळवले. घरी जाता जाता लागलेली ही ठेच आजही या खेळातला सगळ्यात मोठा धक्का मानली जाते, आणि तिच्याच पुण्याईवर दोन वर्षांनी माउई बेटावरची मोठी स्पर्धा उभी राहिली.

आता घरात येऊ. या काळात आणखी एक गोष्ट हळूच बदलली होती, तिचा खेळाशी संबंध नव्हता. पूर्वी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पहिले सत्र नाताळनंतर, जानेवारीत संपे. १९७०च्या आसपास विद्यापीठांनी वेळापत्रक अलीकडे ओढले. परीक्षा डिसेंबरच्या मध्यालाच उरकू लागल्या. दोन आठवड्यांची सुट्टी तीन-चार आठवड्यांची झाली. हॉस्टेले ओस, मेस बंद, वाचनालयाला कुलूप. उरले ते फक्त बास्केटबॉलचे संघ, कारण फुटबॉलचा नियमित हंगाम संपलेला असतो, बेसबॉलचा सुरू व्हायचा असतो, आणि दोन्ही सत्रांवर पाय ठेवून उभा असलेला मोठा खेळ हाच.

बहुतेक प्रशिक्षकांना हेच दिवस सगळ्यात प्रिय. १९९१ पासून कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे एनसीएएचा, नियम आहे की खेळाडूकडून दिवसाला चार आणि आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. पण ही मर्यादा वर्ग चालू असतानाची. सत्रांमधल्या सुट्टीत ती लागू नाही. अभ्यास नाही, घड्याळ नाही, पोरे पूर्ण ताब्यात. सकाळी सराव, दुपारी चित्रफिती, संध्याकाळी पुन्हा सराव. जानेवारीत आपल्या गटातले, म्हणजे दरवर्षी आपसात खेळणाऱ्या ठरावीक विद्यापीठांतले, सामने ऐन भरात येतात, त्याआधी संघ घडवायचा तो आत्ताच. नाताळला दोन-चार दिवस घरी सोडायचे आणि २६च्या रात्री हजेरी घ्यायची, ही सर्वसाधारण रीत.

ज्या पोरांचे घर सेनेगलमध्ये किंवा सर्बियात आहे, त्यांचे काय? त्यांच्यासाठी कोचचे घर. मेस बंद असताना पंचवीस माणसांचे जेवण कोचच्या ओट्यावर होते, आणि सात फुटी मुले दारातून वाकून आत येतात. या जेवणावरही नियमांची नजर होती. खेळाडूला काय फुकट द्यायचे यावर एनसीएए इतकी काटेकोर, की ‘प्रसंगोपात जेवण’ अशी वेगळी मुभा नियमावलीत लिहावी लागली. घरी बोलावून जेवू घालणे चालेल, रोज घालणे नाही. २०१४च्या एप्रिलमध्ये कनेक्टिकटचा शबाझ नेपियर, अंतिम सामन्याच्या दिवसांत, आपण कधी कधी उपाशी झोपतो असे बोलून गेला आणि त्याच महिन्यात संघटनेने जेवणावरचे बंधन काढले. पोटाचे गाऱ्हाणे सगळ्या देशाने टीव्हीवर ऐकल्याशिवाय ते झाले नाही.

अलीकडे घराची गुंतागुंत वाढली आहे, कारण कोच म्हणजे बाबाच असे राहिलेले नाही. नोत्र दामच्या महिला संघाच्या प्रशिक्षक नीएल आयव्ही यांचा मुलगा जेडन २०२० ते २०२२ पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळत होता. आई आणि मुलगा दोघेही इंडियानातच, पण हंगाम एकच, दोन वेळापत्रके. अशा घरात कोण कुणाकडे जेवायला जाणार, हे सामन्यांच्या तारखा पाहूनच ठरवायचे.

सुट्टी परत मिळवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. डिव्हिजन टू, म्हणजे दुसऱ्या फळीच्या कॉलेजांनी २०१०च्या सुमारास नाताळाभोवती सलग सात दिवस सराव आणि सामने बंद ठेवायचे ठरवले. पहिल्या फळीत टीव्हीचा पैसा मोठा. तिथे २००९ पासून होनोलुलूत ‘डायमंड हेड क्लासिक’चे सामने थेट २५ डिसेंबरला होतात. २०२०च्या साथीत तर बिग टेन गटानेही नाताळच्याच दिवशी चार सामने लावले.

त्याच डिसेंबरात कोच के मात्र उलट वागले. घरच्या मैदानावर मिशिगन स्टेट आणि इलिनॉयकडून हरल्यावर ड्यूकने गटाबाहेरचे उरलेले सामने रद्द केले. खेळाडूंना नाताळात काही दिवस घरच्यांबरोबर सुरक्षित राहता यावे, असे कारण दिले. अलाबामाचे प्रशिक्षक नेट ओट्स यांनी जाहीर शंका घेतली, की हे दोन सामने हरले नसते तर त्यांना हेच वाटले असते का; नंतर त्यांनी माफीही मागितली. ड्यूकची पोरे घरी जाऊन आली. हंगाम १३ विजय आणि ११ पराभवांवर संपला आणि राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला जागा मिळाली नाही. असे त्याआधी शेवटचे झाले होते १९९५ साली, मिकींनी डॉक्टरांची वेळ घेतली होती त्या हंगामात.