कृषी माहितीचे प्रमाणीकरण (गोवा)

शेत, पीक, वाण, माती, निविष्ठा आणि उत्पादन यांच्या नोंदी ठरावीक संज्ञा, एकके व संकेतांक वापरून ठेवणे, जेणेकरून एका शेतव्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील नोंद दुसऱ्यात नेताना तिचा अर्थ बदलणार नाही, याला कृषी माहितीचे प्रमाणीकरण म्हणतात. शेतीयंत्रे व संगणक यांच्यातील देवाणघेवाणीसाठी आयएसओ ११७८३ हे मानक आहे, तर संज्ञांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 'अ‍ॅग्रोव्होक' हा बहुभाषी संज्ञाकोश वापरला जातो. भारतात 'अ‍ॅग्रीस्टॅक' या सरकारी डिजिटल व्यवस्थेखाली शेतकरी, गावनकाशे आणि पेरलेली पिके यांच्या नोंदवह्या तयार होत आहेत.

गोव्यात पहिली अडचण मोजमापाची येते. जुनी माणसे भात खंडी-कुडवात सांगतात. हे माप आकारमानाचे असल्यामुळे त्यावरून किलो काढताना दाण्यातील ओलावा नोंदवावाच लागतो. भाताचे उत्पादन साधारणपणे १४ टक्के ओलाव्यावर आणून मांडतात. मृदा आरोग्य पत्रिकेतील, म्हणजे माती तपासणीच्या सरकारी अहवालातील, १२ घटकांपैकी विद्युतवाहकतेचा (मातीतील क्षार दाखवणारा) आकडा अधिक फसवा आहे. एका अहवालात ती ४ डेसीसीमेन्स प्रति मीटर असते आणि दुसऱ्यात ४००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर. दोन्ही मूल्ये एकच आहेत आणि माती क्षारयुक्त ठरवण्याची रूढ मर्यादाही तीच आहे. एककाचा रकाना रिकामा राहिला, तर सॉफ्टवेअर चांगल्या मळ्यालाही खारट ठरवू शकते. स्फुरद मूलद्रव्याच्या रूपात लिहिले आहे की ऑक्साइडच्या, यानेही आकडा सुमारे २.२९ पटींनी बदलतो.

नावांचा प्रश्न एककांइतका सरळ नाही. मानकुराद आंबा मांकुराद, मालकुराद असाही लिहिला जातो, म्हणून वाणाला एक कायमचा संकेतांक देऊन सर्व रूपे त्याला जोडणे योग्य ठरते. सरद आणि वायंगण हे भाताचे हंगाम अनुक्रमे खरीप व रब्बी या रकान्यांत बसवता येतात. परंतु मूळ शब्द पुसू नये, कारण वायंगणाच्या भाताला साठवलेल्या किंवा पाटाच्या पाण्याचा आधार लागतो आणि ती गोष्ट 'रब्बी' या शब्दात उतरत नाही.

खरी कसोटी खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीवरील शेतीत लागते. बहुतेक सॉफ्टवेअर एक शेतकरी आणि एक तुकडा असे गृहीत धरते. खाजनात मात्र बांध, मानस (पाणी आत-बाहेर सोडण्याची दारे असलेली बांधातील मोरी) आणि पोंय (आतला पाणी साठणारा खोलगट भाग) ही अनेक शेतांची सामाईक व्यवस्था असते. जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामुदायिक जमीनसंस्थेची), कूळ वेगळे आणि प्रत्यक्ष कसणारा आणखी कोणी, असेही घडते. त्यामुळे एक-चौदाच्या उताऱ्यावरील (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावरील) सर्व्हे क्रमांक ओळख म्हणून घेतला, तरी मालक, कूळ व कसणारा यांचे रकाने वेगळे ठेवणे आवश्यक आहे. मानशीलाही स्वतंत्र ओळखक्रमांक द्यावा आणि तिच्यावर अवलंबून असलेले सर्व तुकडे त्याला जोडावेत. भरतीच्या वेळी मानशीचे दार नीट लागले नाही आणि खारे पाणी आत शिरले, तर ती घटना तारखेसह एकदाच नोंदवून त्या प्रत्येक तुकड्यावर दिसली पाहिजे. एरवी कोरगूटसारख्या क्षारसहनशील भाताचेही घटलेले उत्पादन केवळ वाणाचा किंवा खताचा दोष म्हणून नोंदीत राहून जाते.