रीमॅपआधी गिअरबॉक्स बघा: टर्बो सेडान असलेल्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे टर्बो सेडान घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न रीमॅपचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंग बदलण्याचा, ठरलेला असतो: "रीमॅप केल्यावर किती बीएचपी वाढतील?" त्यावर आम्ही विचारतो, गिअरबॉक्स कोणता आहे? काहींना ही टाळाटाळ वाटते. पण टर्बो इंजिनची ताकद वाढवणं हा कामातला सोपा भाग आहे. ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) बूस्ट, म्हणजे टर्बो दाबून भरतो त्या हवेचा दाब, थोडा चढवला, इंधनाचं प्रमाण आणि ठिणगीची वेळ त्याला जुळवून घेतली, की टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) वाढतो. तो वाढलेला टॉर्क पुढे झेलणार कोण, तिथे खरी अडचण सुरू होते.

व्हर्टस जीटी, स्लाव्हिया 1.5 आणि वेर्ना टर्बो

चाकणच्या कारखान्यातून येणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाचं 1.5 लिटरचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन 150 बीएचपी आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क देतं. त्यातल्या ऑटोमॅटिक गाड्यांना सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे, म्हणजे तेलात न बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जाणकार त्याला डीक्यू 200 म्हणतात. या गिअरबॉक्सची बनवणाऱ्यांनीच ठरवलेली मर्यादा किती? 250 न्यूटन मीटर. म्हणजे हंडा कारखान्यातून निघतानाच काठोकाठ भरलेला आहे. रीमॅप करून टॉर्क 300 च्या पुढे नेणारे भेटतील. गाडी पळेलही, पण क्लच पॅक आणि मेकॅट्रॉनिकचं (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटचं) बिल आलं की रीमॅपचे पैसे किरकोळ वाटू लागतात. त्यामुळे डीक्यू 200 वर टॉर्क वाढवायचं काम आम्ही घेत नाही. मॅन्युअल असेल तर थोडी मोकळीक आहे. तिथे क्लच घसरायला लागला तर प्लेट बदलून भागतं.

ह्युंदाई वेर्नाचा 1.5 टर्बो कागदावर जरा पुढे आहे: 160 बीएचपी, 253 न्यूटन मीटर, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे शून्य ते शंभर 8.1 सेकंदांत. तिचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) हाही ड्राय क्लचचाच, त्यामुळे वर सांगितलं तेच तिलाही लागू.

या तिन्ही गाड्यांवर खर्च करायचाच असेल तर आधी टायर, मग ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. वरंध घाटातून एकदा खाली उतरून या, आम्ही असं का म्हणतो ते कळेल.

ऑक्टेव्हिया व्हीआरएस

स्कोडाची ही आमची लाडकी गाडी, हे लपवण्यात अर्थ नाही. 2017 मध्ये 230 बीएचपीची आली, नंतर 2020 मध्ये 245 ची, आणि तीही देशभरात मिळून फक्त 200. दोन्हींत 2 लिटरचं टीएसआय इंजिन. टॉर्क पहिलीत 350, दुसरीत 370. या घराण्यातल्या इंजिनला मोठा टर्बो लावून युरोपात गोल्फ आर कारखान्यातूनच 300 बीएचपीची निघत होती, त्यावरून आत किती जागा आहे याचा अंदाज येतो.

पण आमच्या मते तिचं मोठेपण गिअरबॉक्समध्ये आहे. हिचे क्लच तेलात बुडालेले, म्हणजे वेट क्लच. उष्णता तेल वाहून नेतं, म्हणून जास्त टॉर्क सोसतात. त्याच्या बदल्यात सहा गिअरच्या डीएसजीचं तेल आणि फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलावंच लागतं. जुनी व्हीआरएस विकत घेताना या कामाची पावती मागा. विकणारा चाचपडू लागला तर ते तेल बदललेलं नाही असंच धरा.

एक मर्यादा मात्र राहते. ताकद फक्त पुढच्या दोन चाकांवर जाते, आणि पावसाळ्यात स्टेज वनची (फक्त सॉफ्टवेअर बदललेली) गाडी दुसऱ्या गिअरमध्येही चाकं फिरवते. 245 मधलं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक, जे घसरणाऱ्या चाकाची ताकद पकड असलेल्या चाकाकडे वळवतं, इथे कामाला येतं.

बीएमडब्ल्यू एम 340 आय

सहा सिलिंडर, 3 लिटर, 500 न्यूटन मीटर, चारही चाकांना ताकद, शून्य ते शंभर 4.4 सेकंद. ट्यूनिंगसाठी हे इंजिन जगभर नावाजलेलं आहे. आमचा प्रश्न एवढाच, की आपल्या रस्त्यांवर ही ताकद तरी पूर्ण कुठे वापरणार?

पेट्रोल आणि ऊन

तयार रीमॅप बहुधा युरोपच्या पेट्रोलवर आणि युरोपच्या हवेत बेतलेले असतात. इथे एप्रिलमध्ये गाडी सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) तापतो, आत जाणारी हवा गरम होते, नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटण्याची) शक्यता वाढते आणि ईसीयू स्वतःच ठिणगी उशिरा टाकतो, म्हणून ताकद घटते. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) हे स्पष्ट दिसतं: पहिल्या रनला आलेला आकडा तिसऱ्या रनला येत नाही. कुणी फक्त पहिल्या रनचा कागद दाखवला तर बाकीचेही मागा.

ई-20 ने (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, वाढला हे खरं. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, म्हणून तेवढ्याच ताकदीला जास्त इंधन लागतं. रीमॅप केलेल्या गाडीत हा भार इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपावर पडतो. 95 किंवा 100 ऑक्टेनचं पेट्रोल नियमित भरणार नसाल तर त्यासाठी लिहिलेला मॅप घेऊच नका.

आणि स्टॉक, म्हणजे काही बदल न केलेल्या, गाडीवाल्यांनीही ऐका: पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये 1500 आरपीएमला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टन फुटतो. एक गिअर खाली घ्या. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं, आणि डब्यावर एपीआय एसपी (ऑइलचा दर्जा सांगणारी खूण) लिहिलेलं असेल तर या त्रासापासून संरक्षण जास्त.

वॉरंटी आणि कायदा

फोक्सवॅगन समूहाच्या गाडीचा ईसीयू बदललेला असेल तर शोरूमच्या स्कॅनमध्ये ते पकडलं जाऊ शकतं आणि गाडीवर टीडी 1 चा (ईसीयूशी छेडछाड झाल्याच्या कंपनीच्या नोंदीचा) शिक्का बसतो, मग वॉरंटी नाकारली जाऊ शकते. जुना मॅप परत टाकला तरी खूण राहू शकते. वॉरंटीतल्या गाडीचा ईसीयू आम्ही उघडत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि दंड प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रसंगी दोन्ही. सॉफ्टवेअर यात येतं की नाही यावर गॅरेजवाले हवं तसं बोलतात. येतं असंच धरून चला, आणि विमा कंपनीला लपवून काही करू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढण्याचं काम आम्ही कितीही पैसे दिले तरी करत नाही.

तपासणीला येताना

सकाळची वेळ घ्या, दुपारचे आकडे गाडीवर अन्याय करतात. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली असू द्या आणि नेहमी भरता तेच पेट्रोल असू द्या. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या आणा. आधी कुठे रीमॅप केला असेल तर मोकळेपणाने सांगा, नाहीतरी डायनोवर दिसतंच.