किरणोत्सव आणि रंकाळ्याकाठची चित्रवही

९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी हे कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातील किरणोत्सवाचे दिवस. मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात आणि त्याच सुमारास ‘शास्त्रज्ञही चक्रावले’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. यात चक्रावण्यासारखे काही नाही. बांधणाऱ्यांच्या निरीक्षणाचे कौतुक करावे असे मात्र पुष्कळ आहे आणि ते व्याख्यानापेक्षा चित्रवहीतून लवकर उमगते.

माझी आठवीतली भाची सप्टेंबरपासून दर रविवारी रंकाळ्याच्या शहराकडील काठावर, एकाच कठड्यापाशी बसून सूर्यास्ताचे जलरंगचित्र काढत असे. पलीकडची झाडे आणि शालिनी पॅलेस जागच्या जागी. सरकत होता तो सूर्य. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात तो नेमका पश्चिमेला मावळला, तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ दोन मुठी डावीकडे. हात ताठ धरला की मूठ साधारण १० अंश झाकते, म्हणजे हे अंतर सुमारे १८ अंश झाले.

पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंश कललेला असल्याने कोल्हापुरातून (१६.७ अंश उत्तर अक्षांश) पाहता मावळतीचा बिंदू वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २४.५ अंशांपर्यंत झुलतो आणि झोपाळ्याप्रमाणेच मध्यावर वेगाने जातो, टोकाशी थबकतो. सप्टेंबरअखेर तो दिवसाला ०.४ अंश सरकतो, किरणोत्सवाच्या सुमारास ०.३ अंश. सूर्यबिंबच जेमतेम अर्ध्या अंशाचे असल्याने अरुंद वाटेतून येणारा झोत काही दिवसांतच मूर्तीवरून ढळतो. २१-२२ डिसेंबरला बिंदू माघारी वळतो. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी यांचा मध्य तिथेच येतो, म्हणून सोहळा वर्षातून दोनदा. सूर्य खाली उतरेल तसा झोत मात्र वर चढतो: आधी चरण, मग कंबर, मग मुख.

एखाद्या वर्षी किरणे मुखापर्यंत पोहोचत नाहीत, त्यात कोप शोधू नये. क्षितिजावरचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यप्रकाशाच्या सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो. धूळ, धुके, ढग आणि वाटेतल्या इमारती त्याला पुरेशा असतात.

आबालाल रहमान यांच्या निसर्गचित्रांचा वारसा सांगणाऱ्या या गावातील विज्ञान प्रदर्शनांत अजूनही बहुतेक छापील तक्तेच दिसतात, याचे मला नवल वाटते. भाचीला डिसेंबरात कागद पुरेना, तेव्हा तिने डावीकडे दुसरा चिकटवला. जानेवारीच्या अखेरीस सूर्य पुन्हा मूळ कागदावर आला.