टेरी कॅलिअर आणि ऑर्केस्ट्राचा वाद

टेरी कॅलिअर या शिकागोच्या गायक-गीतकाराची ओळख आज बहुतेकांना ब्रिटनमार्गे होते. १९९१ साली लंडनमधल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने त्याची ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची एक सिंगल पुन्हा काढली. अमेरिकेत ती निघाली तेव्हा कोणाच्या फारशी कानावर पडली नव्हती. लंडनच्या क्लबांमध्ये मात्र तिच्यावर लोक नाचू लागले. कंपनीच्या माणसाने त्याला शिकागोत शोधून काढलं, तेव्हा कॅलिअर कम्प्युटर प्रोग्रामर म्हणून नोकरी करत होता. मुलीची जबाबदारी अंगावर आली म्हणून त्याने १९८३ मध्ये गाणं सोडलं होतं, प्रोग्रामिंगचे वर्ग केले होते आणि शिकागो विद्यापीठाच्या एका संशोधन संस्थेत काम धरलं होतं. गाण्यातून महिन्याचा खात्रीचा पगार कधीच निघाला नव्हता.

त्यानंतरची काही वर्षं तो सुट्ट्या टाकून इंग्लंडला जायचा, गायचा आणि परत येऊन कामावर रुजू व्हायचा. ऑफिसात कोणाला पत्ता नव्हता. १९९८ मध्ये 'टाइमपीस' हा नवा अल्बम आला, त्याला संयुक्त राष्ट्रांचा शांततेसाठीचा पुरस्कार मिळाला, बातमी शिकागोपर्यंत पोहोचली आणि नोकरी गेली. वयाच्या पन्नाशीनंतर तो पुन्हा पूर्णवेळ गायक झाला.

या नव्या श्रोत्यांनी मागे जाऊन त्याच्या जुन्या रेकॉर्ड धुंडाळल्या. 'खरा कॅलिअर कोणता' हा वाद तिथूनच पेटला. एका बाजूचं म्हणणं असं की खरा आवाज १९६४ च्या पहिल्या अल्बमवर आहे, गिटार आणि गळा, बाकी काही नाही. १९७२ पासूनच्या अल्बमवर व्हायोलिनं, हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) आणि कोरस चढवून कंपनीने त्याला सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताच्या बाजारासाठी सजवलं. दुसऱ्या बाजूला तेच अल्बम शिखर वाटतात. मला स्वतःला पहिला पक्ष पटत नाही, आणि त्याचं कारण त्या पहिल्या अल्बमवरच ऐकू येतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कॅलिअर १९४५ चा, शिकागोच्या उत्तर भागातल्या कॅब्रिनी वस्तीत वाढलेला. पुढे सोल गायक म्हणून गाजलेला कर्टिस मेफिल्ड हा त्याचा लहानपणचा दोस्त. कोपऱ्यावर उभं राहून चार आवाजांत गाणारी पोरं होती ती. सोल त्याच्या अंगात तेव्हापासून होतं, कोणी नंतर शिकवलं नाही. १९६२ मध्ये शिकागोतल्या सर्वांत नावाजलेल्या ब्लूज रेकॉर्ड कंपनीने त्याची ऑडिशन घेतली, पण आईने आधी शिक्षण पुरं करायला लावलं. कॉलेजात गिटार हाती आली, मग कॉफीहाउसमध्ये लोकगीतं.

आणि मग त्याने जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला प्रत्यक्ष ऐकलं. त्या वादनातली झोकून देण्याची ताकद बघून तो हादरला. आपण जे करतो त्यात एवढं ओतता येत नसेल तर स्टेजवर जायचंच नाही, असं ठरवून त्याने काही काळ गाणं थांबवलं. परतला तो एक कल्पना घेऊन. कोल्ट्रेन काही वेळा दोन बासवादक घेऊन वाजवायचा; बास म्हणजे खालचे सूर धरणारं मोठं तंतुवाद्य. कॅलिअरने तीच रचना लोकगीतांना लावली. जुलै १९६४ मध्ये रेकॉर्ड केलेल्या त्या अल्बमवर ड्रम नाहीत, पण एक सोडून दोन बास आहेत. एक खालची जमीन धरून ठेवतो, दुसरा त्यावर हिंडतो. 'नाइन हंड्रेड माइल्स'सारखं आगगाडीचं जुनं गाणं त्यामुळे पारंपरिक राहूनही वेगळंच होतं. म्हणजे ज्याला 'नुसती गिटार आणि गळा' म्हटलं जातं, तिथेही साथीची रचना हा अर्धा विचार आहे. आवाजाभोवती जागा मोठी करण्याची भूक त्याची स्वतःची होती, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासूनची.

हा अल्बम वेळेवर आला असता तर पुढचा गोंधळ कमी झाला असता. त्याचा निर्माता टेप घेऊन मेक्सिकोच्या वाळवंटाकडे निघून गेला, अशी हकीकत आहे. प्रकाशनाचं साल कुठे १९६६ छापलेलं दिसतं, कुठे १९६८. १९६४ मध्ये अमेरिकेत लोकगीतांची लाट ऐन भरात होती. पुढच्याच वर्षी त्या लाटेचा नायक बॉब डिलनने न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार उचलली आणि सगळी हवा बदलली. कॅलिअरची रेकॉर्ड दुकानात आली तोवर लाट ओसरली होती. लोकसंगीताच्या इतिहासात त्याचं नाव लागायचं राहून गेलं, आणि १९७२ मध्ये तो पुन्हा ऐकू आला तेव्हा लोकांनी त्याला सरळ सोलच्या खान्यात टाकलं.

मधली वर्षं गीतकाराची. १९७० च्या सुमारास तो शिकागोतल्या एका गीतकार कार्यशाळेत काम करत होता. द डेल्स या सोल गायकांच्या गटाने गायलेलं त्याचं एक गाणं १९७१ मध्ये गाजलं आणि त्या जोरावर त्याला स्वतःच्या अल्बमचा करार मिळाला. संगीत संयोजनाला चार्ल्स स्टेपनी आला. स्टेपनीने त्याला झाकलं, हा आरोप घेऊन 'व्हॉट कलर इज लव्ह' या अल्बमची सुरुवात ऐकावी. 'डान्सिंग गर्ल' सुमारे नऊ मिनिटांचं आहे. आधी गिटार आणि गळा, अगदी कॉफीहाउसमधल्यासारखे. मग ऑर्केस्ट्रा एकेक पायरी चढत त्याच्या उंचीला येतो. गाण्याची वाट गायक ठरवतो, ऑर्केस्ट्रा मागून येतो. याच काळातल्या पुढच्या अल्बमवर जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचं एक गाणं आहे, कोल्ट्रेनला वाहिलेलं एक आहे आणि शेवटी 'बोलिंग ग्रीन' हे लोकगीत आहे. बाजारासाठी घडवलेला माणूस इतकं स्वतःचं सामान बरोबर आणत नाही.

रेकॉर्ड मात्र खपल्या नाहीत. करार संपला, १९७६ मध्ये स्टेपनी हृदयविकाराने गेला. नंतर एका मोठ्या कंपनीसाठी दोन अल्बम झाले, १९७८ आणि १९७९ चे. कॅलिअर स्वतःच्या आवाजापासून दूर गेला असं म्हणायचंच असेल तर ते इथे. 'ऑर्डिनरी जो' हे गाणं १९७२ च्या अल्बमवरही आहे आणि १९७९ च्या अल्बमवरही. दुसऱ्या खेपेला सगळं गुळगुळीत आणि नाचायला सोयीचं झालंय. पहिल्या खेपेची धग त्यात नाही. इथे वाद्यं गाण्यामागून येत नाहीत, गाणं वाद्यांच्या ठेक्यात बसवलंय. हा फरक न बघता सगळ्याच साजाला एकत्र दोष देणं स्टेपनीवर अन्याय करणारं आहे.

पुनरागमनानंतर कोणी कंपनी त्याच्यावर काही लादण्याच्या स्थितीत नव्हती. तेव्हाही त्याने एकटी गिटार निवडली नाही; बँड घेऊन गायला, इंग्लंडच्या तरुण संगीतकारांबरोबर गायला. २००६ मध्ये ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडसाठी त्याने 'लिव्ह विथ मी' गायलं. त्यातही मागे तंतुवाद्यं आहेत आणि साठी ओलांडलेला तो आवाज त्यांच्या वर ताठ उभा आहे. २००९ च्या शेवटच्या अल्बमवरही याच मंडळींचा हात आहे. २७ ऑक्टोबर २०१२ रोजी शिकागोत तो गेला, ६७ व्या वर्षी. पहिल्या अल्बमच्या आणि स्टेपनीबरोबरच्या अल्बमच्या आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या आहेत.